घरच्या घरी लग्नपत्रिका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

तुळशीचे लग्न लागले की घराघरांत मुहूर्तांची बोलणी सुरू होतात आणि त्यापाठोपाठ आमच्याकडे पत्रिकांविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट ठळकपणे जाणवली, ती अशी की बऱ्याच वाचकांना पत्रिका बाहेरून छापून न घेता स्वतःच्या हातांनी करायची आहे. काहींच्या मनात खर्चाचा विचार आहे. पण बहुतेकांनी लिहिले आहे की घरच्या कार्यातले हे पहिले काम घरच्या माणसांनीच करावे, अशी त्यांची इच्छा आहे. माझे बालपण पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनच्या छापखान्यात गेले. वडील शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून प्रूफ, म्हणजे तपासणीसाठी काढलेली पहिली प्रत, मोठ्याने वाचून दाखवत असे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मजकुराविषयीचे पत्र मुद्दाम आधी घेतले आहे, कारण कागद, रंग आणि सजावट यांत महिना घालवून मजकूर शेवटच्या रात्री लिहिणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

प्रश्न : माझे वडील चार वर्षांपूर्वी वारले. येत्या फेब्रुवारीत माझे लग्न असून पत्रिका मी आणि माझा धाकटा भाऊ घरीच करणार आहोत. निमंत्रण आईच्या नावाने जावे असे आम्हा दोघांना वाटते. परंतु नातेवाइकांचे म्हणणे असे की पत्रिका थोरल्या काकांच्या नावाने निघावी. आईच्या नावाने पत्रिका काढता येते का, आणि येत असल्यास मजकूर कसा लिहावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आईच्या नावानेच काढावी. पत्रिकेचा मजकूर रूढीने घडत आलेला आहे आणि रूढी आपल्याच घरांनी बदलत आणली आहे. ज्या माऊलीने वडिलांच्या मागे घर सांभाळले, तिचे नाव तिच्याच लेकीच्या पत्रिकेवर नसावे, हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही. काकांचा मान अवश्य राखावा, पण त्यासाठी आईची जागा घेण्याची गरज नाही.

मजकूर असा करता येईल. वर मध्यभागी ‘॥ श्री ॥’ किंवा ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ आणि त्याखाली आपल्या कुलदैवताचे नाव घालावे. नंतर ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आमच्या येथे श्रीकृपेकरून माझी कन्या’ असे लिहून पुढच्या ओळीत मोठ्या अक्षरांत ‘चि. सौ. कां.’ आणि आपले नाव, त्याखाली लहान अक्षरांत ‘कै.’ लावून वडिलांच्या पूर्ण नावासह ‘यांची कन्या’ असा उल्लेख करावा. मग वराचे नाव, त्याच्या आईवडिलांची नावे, तिथी, वार, दिनांक, मुहूर्त आणि विवाहस्थळ देऊन ‘या मंगल प्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती’ अशी समाप्ती करावी. खाली उजवीकडे ‘आपली विनीत’ म्हणून ‘श्रीमती’ लावून आईचे नाव, आणि डावीकडे ‘निमंत्रक’ या शब्दाखाली काका-काकूंचे नाव पहिले घालून इतर नावे घालावीत. मजकुराचा हा कच्चा कागद काकांना प्रत्यक्ष घरी जाऊन दाखवावा. छापलेली पत्रिका अचानक हाती पडली की माणसे दुखावतात. आधी विचारले की तीच माणसे दोन सूचना करून आनंदाने संमती देतात.

आपले लग्न फेब्रुवारीत आहे म्हणून शकाविषयी सावध करते. इसवी सनातून ७८ वजा केले की शालिवाहन शक मिळतो, हे बहुतेकांना पाठ असते. मात्र ते गुढीपाडव्यापासून डिसेंबरपर्यंतच खरे आहे. जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९ वजा करावे लागतात. म्हणजे २०२७ च्या फेब्रुवारीतील लग्नाला शके १९४८ लिहायचे. १९४९ लिहिले तर पत्रिका एक वर्ष पुढे जाते. तिथी पंचांगातून स्वतः पाहावी आणि वार दिनदर्शिकेशी ताडून घ्यावा. आमच्याच छापखान्यातून एकदा तारीख बरोबर आणि वार चुकलेला, अशा ३०० पत्रिका निघाल्या होत्या. यजमान दुसऱ्या दिवशी त्या वाटायला निघणार होते. वडिलांनी रात्री ‘गुरुवार’ एवढाच शब्द बारीक पट्ट्यांवर छापला, आईने खळ शिजवली आणि आम्ही चौघे पहाटेपर्यंत कंदिलाशेजारी बसून एकेक पट्टी चुकलेल्या वारावर चिकटवत होतो. नखाएवढी ती पट्टी किंचित तिरकी बसली तरी वडील ती ओली असतानाच सुईच्या टोकाने सरळ करीत.

म्हणून प्रूफ तिघांनी वाचावे आणि त्यांतला एक तरी घराबाहेरचा असावा, कारण घरच्यांना मजकूर पाठ झालेला असतो आणि डोळे चुकीच्या जागीही बरोबरच शब्द वाचतात. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडावे. वराकडच्या नावांचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याकडूनच लेखी मागवावे. दूरध्वनीवर ऐकून लिहू नये.

आणखी एक गोष्ट घरी पत्रिका करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी करायची असते, तिच्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे, आणि अर्जासोबत लग्नपत्रिका मागितली जाते. पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र करावे लागते. आपण पत्रिकेवर केवळ लाडकी नावे घातली, किंवा स्थळ नुसते ‘आमच्या घरी’ असे लिहिले, तर तो कागद नोंदणीच्या कामी पडत नाही. वधूवरांची पूर्ण नावे आधार कार्डावर आहेत तशीच, विवाहाची तारीख वर्षासह आणि स्थळ गावासह असू द्यावे. पाच प्रती वेगळ्या, कोरड्या जागी ठेवून द्याव्यात.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी सुमारे १५० पत्रिका घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढण्याचे ठरवले आहे. बाजारातून आणलेला जाड कार्डशीट प्रिंटरमध्ये अडकतो, चकचकीत कागदावर शाई सुकत नाही आणि घडी घातली की कागदाची शीर फुटते. कोणता कागद घ्यावा आणि किती दिवस आधी काम सुरू करावे?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ कागदाच्या निवडीत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

कागदाची जाडी आपण बोटांनी जोखतो, पण दुकानात तो जीएसएमवर विकला जातो. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममध्ये जे वजन भरते, तो त्याचा जीएसएम. वहीचा कागद साधारण ६० ते ७० चा, झेरॉक्सचा ७० ते ८० चा, आणि पत्रिकेचा कार्डशीट २०० ते ३०० चा असतो. ज्या प्रिंटरमध्ये कागद समोरच्या ट्रेमधून आत जातो, वळतो आणि पुन्हा समोरच बाहेर येतो, त्यात २०० च्या पुढचा कागद त्या वळणावरच अडतो. मागच्या बाजूने उभा कागद घालता येतो, त्या प्रिंटरमध्ये वाट बरीचशी सरळ असल्याने जाड कागद तुलनेने सुखाने उतरतो. प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत कागदाची कमाल जाडी दिलेली असते; ती पाहिल्याशिवाय एकही पाकीट खरेदी करू नये. पुस्तिका सापडत नसेल तर १८० ते २०० जीएसएमचा, चकाकी नसलेला कागद धरून चालावे. चकचकीत आर्ट कार्ड इंकजेटसाठी नसतेच. त्याच्या लेपातून शाई आत शिरत नाही, वर थारोळ्यासारखी राहते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते.

शाईचेही दोन प्रकार आहेत. डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, तर पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात. अनेक घरगुती टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. साध्या कागदाची सेटिंग निवडली तर काळा मजकूर पिगमेंटने उमटतो आणि सुकल्यावर पाण्याच्या थेंबाने सहसा पसरत नाही. फोटो कागदाची सेटिंग निवडल्यास पुष्कळ प्रिंटर काळा रंगही डाय शाया मिसळूनच काढतात. आपल्याकडे पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळदीकुंकवाची ओली बोटे लावण्याची चाल असल्यामुळे हा फरक महत्त्वाचा ठरतो. कुंकवाच्या रंगातली लाल अक्षरे सुंदर दिसतात, परंतु ती डायची असतील तर ओल्या बोटाशेजारी लगेच फुटतात. म्हणून लाल रंग मधल्या नावांपुरता ठेवावा, पत्ता, वेळ आणि दूरध्वनी काळ्यात घ्यावेत, आणि कोपऱ्यांपासून निदान दोन सेंटिमीटर जागा कोरी सोडावी. एक पत्रिका छापून, तासभर सुकवून, तिच्यावर खरोखर हळदकुंकू लावून पाहावे आणि मगच पुढची छपाई करावी.

आता घडी. कागदात तंतूंची एक दिशा असते. कोरा कागद हातात घेऊन आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून पाहिला की एका बाजूने तो सहज झुकतो आणि दुसऱ्या बाजूने विरोध करतो. ज्या दिशेने सहज झुकतो, त्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते. विरोध मोडून घातलेली घडी फुटते आणि छापील भागावर ती आली तर पांढरी शीर दिसते. दिशा जुळत असली तरी जाड कागद एकदम दुमडू नये. खाली जुन्या वर्तमानपत्रांची चवड ठेवावी, स्टीलची पट्टी घडीच्या रेघेवर धरावी आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने त्या रेघेवर एकदाच, एकसारखा दाब देऊन ओढावे. कागद फाटत नाही, फक्त एक बारीक खोबण पडते. खोबणीची जी बाजू फुगीर दिसते, ती घडीच्या आत ठेवावी. दुमडल्यावर चमच्याच्या पाठीने घडीवरून हात फिरवावा. छापखान्यात यालाच क्रीझिंग म्हणतात आणि घरी ते एका कागदाला अर्ध्या मिनिटात होते.

माझे मत विचाराल तर १५० पत्रिकांसाठी घडीच नको. ए-४ कागदाचे मधोमध दोन भाग केले की ए-५ आकाराच्या, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटरच्या, दोन पत्रिका मिळतात. एका पानावर सगळा मजकूर नीट मावतो, ७५ कागद पुरतात आणि वाया जाणारे धरून १०० कागदांचे एक पाकीट घेतले की काम भागते. वीसच्या तुकड्यांत छापावे. सलग छपाईत प्रिंटरचे रूळ घसरू लागतात आणि ओळी तिरक्या येतात. छापलेले कागद रात्रभर एकेकटे पसरून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी कापावेत. कापण्यासाठी कात्री वापरू नये. स्टीलची पट्टी आणि ताजे पाते असलेला कटर घ्यावा, आणि दर पंधरावीस कागदांनंतर पात्याचे टोक मोडून नवे काढावे.

दिवसांचा हिशेब उलट्या बाजूने करावा. पत्रिका पाहुण्यांच्या हाती लग्नाआधी महिनाभर पडावी असे धरले, तर पोस्टासाठी आणि गावोगावच्या वाटपासाठी पंधरा दिवस, छपाई आणि कापणीसाठी दोन शनिवार-रविवार, आणि मजकुराच्या मान्यतेसाठी दोन आठवडे जातात. म्हणजे अडीच महिने आधी सुरुवात करावी, आणि त्यातले पहिले काम म्हणजे यादी. कोणाला छापील पत्रिका द्यायची आणि कोणाला दूरध्वनीवर किंवा व्हॉट्सॲपवर बोलावायचे, हे ठरल्याशिवाय आकडा ठरत नाही.

प्रश्न : संगणकावर पत्रिका जुळवताना जोडाक्षरे तुटतात. आमच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे, ते प्रत्येक ठिकाणी वेगळेच उमटते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घरातली जुनी फाइल उघडून त्यात नवी नावे टाकण्याचा प्रयत्न बहुधा आपण केला असावा. पूर्वीच्या डीटीपी (संगणकावरील मजकूरजुळणीच्या) फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीची कळफलकाची मांडणी वेगळी असे; तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. आज युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्याने टंकलेखन करणेच श्रेयस्कर आहे. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटत असतील तर मजकूर आधी लिब्रेऑफिससारख्या मोफत शब्दलेखकात नीट जुळवावा, तेथून पीडीएफ करावी आणि ती छापावी.

‘ऱ्ह’ मधला र हा मराठीचा स्वतःचा आहे. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतला तो अर्धचंद्रासारखा र टंकताना नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त आणि मग ‘ह’ असा क्रम द्यावा लागतो. साधा ‘र’ वापरला तर रफार होऊन ‘गोर्हे’ असे चुकीचे रूप उमटते. मोबाइलवरून मजकूर आणताना हीच चूक सर्वांत जास्त होते.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे पाहावीत. मराठीतली त्यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी आहेत आणि अनेक फॉन्ट मुळात हिंदी वळणे दाखवतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणांचा असून पत्रिकेच्या गंभीर मजकुराला तो शोभतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्टही मोफत आहे. पत्ते आणि वेळा यांसारख्या बारीक मजकुरासाठी तो स्वच्छ वाचता येतो. एका पत्रिकेत दोनपेक्षा अधिक फॉन्ट घेऊ नयेत आणि मजकूर १२ पॉइंटपेक्षा लहान करू नये, कारण पत्रिका चष्मा शोधत वाचणारी आजी-आजोबांची पिढीच ती सर्वांत मन लावून वाचते.

प्रश्न : गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढरा वारली लग्नचौक छापण्याची माझी कल्पना आहे. प्रिंटर पांढरा रंग काढतच नाही. काय करावे?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, कागदाचा पांढरेपणा हाच त्याचा पांढरा रंग असतो. पांढऱ्या कागदावर सगळी पार्श्वभूमी तपकिरी छापून चित्र कोरे सोडता येते, परंतु त्यात शाई वारेमाप जाते आणि भिजून कागदाला लाटा येतात. आपल्या कल्पनेला स्क्रीन प्रिंटिंग हेच योग्य साधन आहे. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप लावतात, पारदर्शक कागदावर काळ्या शाईत काढलेले चित्र तिच्यावर ठेवून प्रकाश देतात आणि पाण्याने धुतात; जेथे काळे होते तेथला लेप निघून जाळी मोकळी होते. त्या मोकळ्या जागेतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढली की चित्र कागदावर उतरते. पांढऱ्या शाईचा थर दाट हवा असल्याने फार बारीक जाळी घेऊ नये. सेंटिमीटरला ७७ ते ९० धाग्यांची जाळी चालते. जाळी तयार करण्याचे काम स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून करून घ्यावे आणि छपाई घरी करावी, हा मार्ग नवख्यांसाठी सर्वांत सोपा आहे. पाण्याची शाई घ्यावी, हात थांबवू नये आणि काम संपताच जाळी धुवावी. दहा मिनिटे जरी शाई वाळली तरी बारीक रेषा कायमच्या बुजतात.

चित्राविषयी मात्र मनापासून एक विनंती आहे. लग्नचौक ही वारली समाजात लग्नाच्या घराची भिंत सारवून तिच्यावर सवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायची पूजेची मांडणी आहे. चौकात पालघट देवी असते, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो, आणि धवलेरी बाई लग्नाची गाणी म्हणत विधी चालवते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ही कला त्याआधीच भिंतीवरून कागदावर येऊन जगभर गेली होती, तरी चौकाचे हे स्थान बदललेले नाही. पत्रिका महिनाभराने रद्दीत जाते. त्यामुळे देवीसह पूर्ण चौक छापण्याऐवजी चौकाची नुसती किनार, किंवा तारपा या वाद्याभोवती फेर धरलेली माणसे घ्यावीत. आणि इंटरनेटवरचे चित्र उचलण्यापेक्षा डहाणू, जव्हार, तलासरी या भागांतल्या एखाद्या वारली चित्रकाराकडून आपल्या पत्रिकेच्या मापाचे चित्र योग्य मोबदला देऊन काढून घ्यावे. त्या चित्रातला हात खरा असतो आणि तो पाहणाऱ्याला कळतो.

प्रश्न : जुन्या वह्यांचा लगदा करून, त्यात बिया घालून पत्रिका केली तर पाहुण्यांना ती पेरता येईल, असे वाचले. आम्ही दोन कागद करून पाहिले. एकावर शाई पसरली आणि दुसऱ्याला वाळताना बुरशी आली.
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : आपण दोनच कागद करून थांबलात आणि कळवलेत, हे फार चांगले झाले. शाई पसरते, कारण लगद्याच्या घरगुती कागदाला खळ दिलेली नसते आणि तो टिपकागदासारखा शाई ओढतो. वाळलेल्या कागदावरून तांदळाच्या गाळलेल्या, पातळ खळीचा एक हात ब्रशने फिरवून तो पुन्हा दाबाखाली वाळवावा. बुरशी येते ती पाणी पुरेसे न पिळल्याने. जाळीवरून सुती कापडावर उतरवलेला कागद दुसऱ्या कापडाने झाकून वरून लाटणे फिरवावे, कापड दोनदा बदलावे, आणि पंख्याखाली एका दिवसात वाळेल इतकाच पातळ थर घ्यावा. फार वेळ ओला राहिला तर बुरशी येते किंवा बियांना त्यातच मोड येतात. बिया मिक्सरमध्ये घालू नयेत. लगदा तयार झाल्यावर हाताने मिसळाव्यात. सब्जा पाण्यात फुगून चिकट होतो, मेथी आणि धणे जाड पडतात. तुळस आणि राजगिरा यांचे बी बारीक असल्याने कागदात नीट बसते.

तरीही संपूर्ण पत्रिका अशा कागदाची करू नये, असे माझे मत आहे. तो प्रिंटरमध्ये घालता येत नाही, आणि ज्या कागदावर देवाचे व कुलदैवताचे नाव आहे तो मातीत पुरायला अनेक वडीलधाऱ्यांचे मन धजत नाही. दोन बोटे रुंदीची एक पट्टी करावी, तिच्यावर फक्त ‘तुळस’ असे हाताने लिहावे आणि दोऱ्याने पत्रिकेला बांधावी. पत्रिकेसाठी हातकागदच हवा असेल तर पुण्यात १९४० सालापासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला कागद मजबूत असतो आणि वर्षानुवर्षे तुकडे पडत नाहीत.

प्रश्न : सोनेरी, चमकणारी अक्षरे घरी करता येतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : येतात, पण इंकजेटने नव्हे. लेझर प्रिंटरचा टोनर, म्हणजे त्याची कोरडी शाईची भुकटी, उष्णतेने वितळतो. टोनरवर चिकटणारी सोनेरी फॉइल मजकुरावर ठेवून कागद गरम लॅमिनेटरमधून काढला की अक्षरांवर सोने उतरते. गुळगुळीत कागद घ्यावा आणि फक्त नावांपुरतेच हे करावे. सोनेरी बारीक मजकूर दिव्याखाली वाचता येत नाही.

प्रश्न : आमची निम्मी मंडळी मुंबईला, काही विदर्भात आणि काही कोकणातल्या लहान गावांत आहेत. पत्रिका पोस्टाने पाठवायच्या आहेत. पाकिटात अक्षता घालाव्यात का, आणि पोस्टासाठी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : साध्या पत्राचे दर २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतात, म्हणून पत्रिकेचा आकार ठरवतानाच वजनाचा विचार करावा. २५० जीएसएमची ए-४ आकाराची घडीची पत्रिका एकटीच साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिच्या मापाचे पाकीट सात ते नऊ ग्रॅमचे असते, म्हणजे टप्पा ओलांडला जातो. त्याच कागदाची ए-५ आकाराची एकेरी पत्रिका पावणेआठ ग्रॅमची होते आणि पाकिटासह आरामात आत बसते. घरच्या काट्यावर एक पाकीट नीट तोलता येत नाही. दहा भरलेली पाकिटे एकत्र तोलून दहाने भागावे. पाकीट न चिकटवता, झापड आत खोचून, वर ‘बुक पोस्ट’ असे लिहून छापील पत्रिका पाठवण्याची आपली जुनी पद्धत होती; ती आता चालते का, हे आधी विचारावे. एक नमुना पाकीट घेऊन पोस्टाच्या खिडकीवर जावे, दर विचारावा आणि मगच सगळी तिकिटे खरेदी करावीत.

अक्षता सुट्या घालू नयेत. पाकिटावर शिक्का बसतो तेव्हा तांदळाचे दाणे कागदाला भोके पाडतात, आणि ओल्या कुंकवाने रंगवलेले असतील तर आतला मजकूर रंगतो. पाचसात दाणे कुंकू लावून दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवावेत, पातळ कागदाच्या अंगठ्याएवढ्या पुडीत घालून ती पुडी पत्रिकेच्या खालच्या कडेला, पाकिटाच्या ज्या कोपऱ्यात तिकीट नाही त्या बाजूला चिकटवावी. वर उजवीकडे तिकीट आणि शिक्का येतो, म्हणून पुडी खाली डावीकडे ठेवावी.

पत्ते हातानेच लिहावेत. पिनकोडचे सहाही अंक स्वतंत्र आणि सुटे काढावेत. कोकणातल्या वाड्यांना वाडीचे नाव, मुक्काम, पोस्ट आणि तालुका हे चारही घालावे लागतात, कारण एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत सापडतात. डाव्या कोपऱ्यात आपला पत्ता लिहिला की न पोहोचलेली पत्रिका परत येते आणि कोणाला पुन्हा बोलावायचे ते कळते. पहिली पत्रिका गणपतीसमोर आणि दुसरी कुलदैवताला ठेवून झाल्यावर, पोस्टाच्या पाकिटांचा गठ्ठा विदर्भातल्या पत्त्यांपासून सुरू करावा; मुंबईच्या मंडळींना उशिरा टाकली तरी वेळेत पोहोचते, आणि जवळच्या वाड्यांवर शक्यतो कोणीतरी स्वतः जाऊन, दारात हळदकुंकू लावून पत्रिका द्यावी.